झाकणाच्या आतले ठिपके

"घे वर. आणखी घे. बस. आता इंजिन बंद कर."

सीटवरच्या बाईने बंद करायची दांडी ओढली. जुना ट्रॅक्टर थंडी भरल्यासारखा थरथरला आणि गप्प झाला. मागच्या लिफ्टने नांगर उचलून धरला होता, दांडा कमरेइतका वर. मिस्त्रीने खिशातून खडू काढला, नांगराच्या दांड्याच्या बरोबरीने भिंतीवर आडवी रेघ मारली, तेलाचा रिकामा डबा उलटा घातला आणि त्यावर बसला.

"आता काय?" तिने विचारलं.

"आता बघत बसायचं. खाली उतर, पण नांगराजवळ जाऊ नकोस."

"किती वेळ बसायचं?"

"ते नांगर ठरवील."

नांगराला फार विचार करावा लागला नाही. आधी बोटभर उतरला, मग चार बोटं. पाच मिनिटांत दांडा रेघेपासून वीतभर खाली आला होता. आवाज नाही, धक्का नाही. कोणाला कळू न देता घरातून निघून जाणाऱ्या माणसासारखा तो खाली येत होता.

तेलाची पातळी मिस्त्रीने सकाळीच बघितली होती. फिल्टर धुतला होता, बाहेरचे सगळे पाइप हाताने चाचपले होते. सगळे कोरडे.

"पंप चांगला आहे," तो म्हणाला. "पंप गेला असता तर नांगर उचललाच नसता. हा उचलतो, पण धरून ठेवत नाही. इंजिन चालू असताना उचकी लागल्यासारखा वरखाली होतो ना? तेल आतल्या आत मागे पळतंय. सिलिंडरमधून."

"मग उघडा की."

मिस्त्री उठला नाही. हातातला खडू या बोटावरून त्या बोटावर फिरवत राहिला.

ट्रॅक्टर फाटकातून आत येताना लांबूनच त्याने ओळखला होता. डाव्या चाकावरच्या पत्र्याला पडलेला खळगा, स्टिअरिंगला गुंडाळलेली दोरी. तो केव्हाच भंगारात गेला असेल, वितळून त्याच्या सळया झाल्या असतील, कोणाच्या तरी स्लॅबमध्ये गेल्या असतील, असं मिस्त्रीने मनाशी धरून ठेवलं होतं. लोखंड मात्र माणसाच्या सोयीने मरत नाही.

"तुझ्या बाबांनी पाठवलं?" त्याने विचारलं.

"बाबा म्हणाले, कुठेही ने, तिथे नेऊ नकोस."

"मग आणलास कशाला?"

"शोरूमवाले हसले. म्हणाले, हा आमच्या आजोबांच्या वेळचा, दहा हजार पुढे ठेवलेत तरी हात लावणार नाही. मग जो भेटला तो म्हणाला, याची लिफ्ट उघडणारा एकच थेरडा उरलाय."

"थेरडा म्हणाले?"

"मी जरा सौम्य करून सांगतेय, काका."

मिस्त्रीच्या तोंडावर हसू आलं आणि अर्ध्यावरच थांबलं. ही बूटवाल्याची मुलगी. तिच्या बापाला चौदा वर्षं सगळे बूटवाला म्हणत आले आहेत. डाव्या पायात तो लाकूड भरलेला खास बूट घालतो, म्हणून. लोकांची अक्कल अशीच चालते. माणसाचा पाय जातो आणि लोक बुटाला नाव देतात.

फाटकावर पाटी होती: बंधू ट्रॅक्टर दुरुस्ती. त्यातला एक बंधू चौदा वर्षांपूर्वी स्वतःची हत्यारांची पेटी खांद्यावर टाकून निघून गेला. नवीन गिऱ्हाइकं कधी कधी विचारायची, दुसरे बंधू कुठे असतात? मिस्त्री म्हणायचा, बाहेरगावी. बायको होती तोवर ती आतून ऐकायची आणि भांडी जरा जोरात ठेवायची. मग तीही गेली, आणि भांड्यांचा आवाज थांबला. मुलगा परमुलखात आहे. महिन्यातून एकदा फोन करून तिकडचं हवामान सांगतो, इकडचं विचारतो, ठेवतो.

चौदा वर्षं मिस्त्री एका वाक्यावर जगला होता. ते वाक्य त्याने पहिल्यांदा इस्पितळाच्या व्हरांड्यात, बूटवाल्याच्या नातेवाइकांच्या घोळक्यासमोर उच्चारलं होतं: "आमच्यात लिफ्टचं काम धाकटा बघतो."

खोटं नव्हतं ते. थोरला इंजिनाचा, धाकटा लिफ्टचा, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि झालं होतं ते असं: बूटवाल्याने दुरुस्त झालेला ट्रॅक्टर नेला, आठवड्याने नांगर उचलला, इंजिन बंद केलं आणि फाळाचा बोल्ट आवळायला खाली आडवा झाला. नांगराखाली ओंडका लावायचा असतो हे त्याला कळत होतं. पण लिफ्ट नुकतीच दुरुस्त झाली आहे, दोन भावांच्या हातची आहे, म्हणून लावला नाही. नांगर धाडकन पडला असता तर कदाचित त्याने पाय ओढून घेतला असता. तो हळूहळू उतरला. फाळ बुटाला टेकला तेव्हा बूटवाल्याला वाटलं, आपलाच पाय वर सरकला. कळलं तेव्हा ओढून घ्यायला जागा उरली नव्हती.

त्यानंतर बूटवाल्याने लिफ्टचे दोन्ही हात तारेने बांधून टाकले आणि ट्रॅक्टर फक्त ट्रॉली ओढायला वापरला. आता जमीन मुलगी बघणार होती. दोन दिवसांत नांगरट करायची होती. तार तिनेच पकडीने तोडली होती.

"काका, उघडणार आहात ना?"

"उघडतो," मिस्त्री म्हणाला आणि उठला. "उघडल्यावर तुला दाखवतोच. आमच्यात एक पद्धत आहे. जो शेवटी बंद करतो तो झाकणाच्या आत पंच ठोकून खूण करून ठेवतो. आमच्या बापाची शिस्त. बापाची आडवी रेघ, माझा एक ठिपका, भावाचे दोन. डावीकडून उजवीकडे, एकापुढे एक. बाप म्हणायचा, गिऱ्हाईक खोटं बोलेल, आपणही बोलू, खूण बोलणार नाही. आत दोन ठिपके दिसतील. म्हणजे तुझ्या बाबांनाही एकदाचं कळेल."

"त्यांना काय कळायचंय?"

"कोणाच्या हातून झालं ते."

तिने त्याच्याकडे जरा विचित्र नजरेने बघितलं, पण मिस्त्री तोवर सीटचे बोल्ट सोडवायला लागला होता.

नांगर पूर्ण जमिनीला टेकवला, सोडवला, बाजूला केला. सीट निघाली, दांड्या निघाल्या. झाकण म्हणजे नुसता पत्रा नसतो. खाली सिलिंडर लटकवलेलं, दोन माणसांनाही न पेलणारं बिडाचं धूड असतं ते. त्याने साखळीची पुली वर अडकवली, साखळी ओढायला घेतली. ती आपणहून पुढे झाली आणि झाकण हाताने सावरत राहिली. जुन्या तेलाचा जळकट वास वर आला. झाकण लाकडी घोडीवर उलटं टेकवलं. मिस्त्रीने फडकं घेऊन आतला काठ पुसला.

बापाची रेघ. गंजून काळी पडलेली. तिच्यापुढे एक ठिपका.

त्याने पुन्हा पुसलं. फडक्याला तेल जास्त झालं असेल म्हणून दुसरं फडकं घेतलं, चष्मा काढला, पुसला, घातला. ठिपका एकच होता. नीट, खोल, जरा डावीकडे कललेला. त्याचे ठिपके डावीकडेच कलतात. बाप त्यावरून चिडवायचा.

मग चार बोटं सोडून, उजवीकडे, दोन ठिपके दिसले.

"आहेत," त्याने घाईघाईने म्हटलं. "हे बघ. दोन."

"ते नंतरचे, काका."

"काय?"

"तुमचे भाऊ आले होते आमच्याकडे. बाबा इस्पितळातून घरी आल्यावर. मी शाळेत होते तेव्हा, पण मला आठवतंय, मीच बॅटरी धरली होती. बाबांनी आधी शिव्या घातल्या. ते म्हणाले, मला फक्त झाकण उघडून बघू द्या. बाबा म्हणाले, बघायचं तेवढं बघ, पण दुरुस्तीला हात लावलास तर बघ. त्यांनी बरोबर आणलेली पुली झाडाला टांगून उघडलं. असंच फडक्याने पुसलं. बराच वेळ बघत होते. मग जसं होतं तसं बंद केलं. करायच्या आधी हे दोन ठोकले."

मिस्त्रीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"आणि तुझ्या बाबांना काय म्हणाला?"

"बाबांनी विचारलं, बोल, कोणाची चूक? तुझी का त्याची?" तिने त्या दोन ठिपक्यांवर बोट ठेवलं. "ते म्हणाले, आमची."

बाहेर रस्त्यावरून कोणीतरी भोंगा वाजवत गेलं. मिस्त्री घोडीपाशी उभा राहिला. मग त्याला काही सुचेना म्हणून तो पुढचं काम करायला लागला. असल्या माणसांचं हे बरं असतं. बायको मेली तरी आधी पाना जागेवर ठेवतील.

सिलिंडर सुटा केला. हवेच्या नळीने पिस्टन फडक्यात उडवून घेतला. पिस्टनला एक खाच असते, त्या खाचेत दोन रिंगा शेजारीशेजारी बसतात: एक रबराची, एक कातड्याची. तेल अडवायचं काम रबराचं. पण दाब आला की मऊ रबर पिस्टनच्या फटीत घुसून चेचलं जातं, म्हणून त्याच्या पाठीशी कातडं लावायचं. दाब पुढून, मग रबर, मग कातडं.

इथे कातडं पुढे होतं. रबर मागे, उघडं, एकीकडून उंदराने कुरतडावं तसं खाल्लेलं.

धाकटा हे झोपेतसुद्धा करणार नाही. हे काम इंजिनवाल्याचं. कातडं चिवट, रबर मऊ, मग चिवट माणूस पुढे उभा राहायला नको का, असा विचार फक्त इंजिनवालाच करतो.

आणि मिस्त्रीला सगळं आठवलं. आठवलं म्हणणंही खोटंच, कारण तो विसरला नव्हता. त्या दिवशी बूटवाला डोक्यावर बसला होता, लवकर आटपा म्हणून. धाकट्याने पिस्टन धुऊन ठेवला होता, कातडं बशीतल्या तेलात भिजत घातलं होतं. थोरल्याने त्याला तेलाचा डबा आणायला दुकानात पिटाळलं. तो परत येईपर्यंत गिऱ्हाइकासमोर नुसतं कसं बसायचं, म्हणून स्वतःच रिंगा चढवल्या, झाकण बसवलं, एक ठिपका ठोकला. धाकटा डबा घेऊन आला तेव्हा बोल्ट आवळून झाले होते. "केलंस पण?" एवढंच तो म्हणाला. "मग काय, तुझी वाट बघत बसू?"

धाकटा गेल्यावर पहिल्याच वर्षी लिफ्टची कामं थोरल्याच्या गळ्यात पडली. एका फाटक्या पुस्तकातलं चित्र बघून तो शिकला. रबर पुढे, कातडं मागे. ते चित्र त्याने बोट ठेवून दोनदा बघितलं. त्याने पान उलटलं. तेरा वर्षं ते पान त्याने उलटंच ठेवलं.

निघून जाण्याआधी धाकटा अंगणात उभा राहून म्हणाला होता, "दादा, जाऊन झाकण उघडू. दोन ठिपके निघाले तर मी या भागात पुन्हा पाना धरणार नाही." आणि थोरला म्हणाला होता, "मला ठिपके शिकवू नकोस." लोक धाकट्याला पायखाऊ म्हणायला लागले. त्याच्या हाती ट्रॅक्टर कोणी देईना. थोरल्याचं दुकान मात्र चाललं. चांगलं चाललं.

"पोरी," मिस्त्री म्हणाला, "तेल लागेल. नाक्यावर दुकान आहे. दोन डबे आण. घाई करू नकोस."

ती गेली. आता शेडमध्ये तो होता, धुतलेला पिस्टन होता, बशीतल्या तेलात कातड्याची नवी रिंग भिजत होती. कोणी मुद्दाम मांडावं तसं सगळं जसंच्या तसं.

हत्यारांच्या कपाटाच्या दाराला आतून एक नंबर लिहिलेला होता. रंगात बुडवलेल्या काडीने, बायकोच्या अक्षरात. धाकट्याचा नंबर बदलला की ती जुन्यावर काट मारून खाली नवा लिहायची. असे तीन होते, दोन खोडलेले. तिने कधी म्हटलं नाही की फोन करा. फक्त दाराला लिहायची, पाना काढायला दार रोज उघडावं लागतं म्हणून. ती गेल्याला चार वर्षं झाली होती. चार वर्षांत नंबर बदलला असेल तर काट मारणारं कोणी नव्हतं.

फोन वाजत राहिला. मिस्त्रीला मनातून वाटलं, उचलू नये.

"हॅलो."

आवाज जाड झाला होता. बापासारखा.

"मी बोलतोय."

पलीकडे ग्राइंडर चालू होता. तो बंद झाला.

"बोल."

"एक विचारायचं होतं. जुन्या लिफ्टच्या पिस्टनला कातडं कुठल्या बाजूला बसतं?"

पलीकडे काहीतरी जड लोखंडी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"दाबाकडे रबर. मागे कातडं," धाकटा म्हणाला. मग म्हणाला, "तुला माहीत आहे, दादा."

"हो."

"कुठली लिफ्ट आहे?"

"तीच."

"झाकण उघडलंस."

"उघडलं. माझा एक आहे. पुढे तुझे दोन."

"मग झालं तर."

"तू सांगायचं होतंस."

"आलो होतो सांगायला. तिथूनच सरळ घरी आलो होतो. दुपारची वेळ. वहिनीने दार उघडलं. तू आतून म्हणालास, त्याला सांग मी झोपलोय." धाकट्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मिस्त्रीला बरं वाटलं असतं. "वहिनी दारात रडायला लागली. मग मी म्हटलं, राहू दे."

"चूक माझी होती," मिस्त्री म्हणाला. एवढंसं वाक्य. त्याला वाटलं होतं, म्हटल्यावर काहीतरी होईल. काही झालं नाही. शेडमध्ये चिमणी होती, ती उडाली पण नाही.

"हं," धाकटा म्हणाला.

"येशील का एकदा?"

"कशाला?"

सकाळी उठून मी दोन कप मांडतो आणि एक परत ठेवतो, हे कोणी फोनवर सांगतं का? तो म्हणाला, "पाटीवर अजून बंधूच लिहिलंय."

धाकटा हसल्यासारखा झाला. खरंच हसला की घसा साफ केला, कळलं नाही.

"रंगवून घे," तो म्हणाला. "ठेवतो, दादा. माणसं थांबलीत."

ग्राइंडर पुन्हा चालू झाल्याचं अर्धा क्षण ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

ती तेल घेऊन आली तेव्हा रिंगा चढवून झाल्या होत्या. मिस्त्रीने तिला पिस्टन दाखवला, जुन्या रिंगा दाखवल्या, बोट ठेवून.

"हे कातडं पुढे आहे, दिसतंय? पुढे नको होतं. हे मी बसवलं होतं. माझ्या भावाने नाही. तुझ्या बाबांचा पाय माझ्या हातून गेला."

तिने कुरतडलेलं रबर हातात घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं. एवढ्याशा गोष्टीकडे बघावं तसं.

"बाबांना सांगू मी?"

"तू नको. उद्या ट्रॅक्टर घेऊन मीच येतो."

"ते बोलतील खूप."

"बोलू दे. आणि मग ज्यांच्यासमोर मी इस्पितळात बोललो होतो, त्यातले जेवढे जिवंत असतील तेवढ्यांना बोलवायला सांग."

तिने मान हलवली. माफ केलं म्हणाली नाही, आणि ते तिचं कामही नव्हतं. पण झाकण उतरवताना पुन्हा पुढे होऊन तिने ते सावरलं.

बंद करण्याआधी मिस्त्रीने पंच घेतला. एक, मग दोन, त्यापुढे जागा. त्याने एक ठिपका ठोकला. तो नेहमीपेक्षाही जास्त कलला.

तेल भरलं, नांगर जोडला, तिने लिफ्ट वर घेतली. उचकी नाही. सरळ, एका दमात नांगर वर गेला. इंजिन बंद केलं. मिस्त्रीने भिंतीवरची सकाळची रेघ पुसून नवी मारली.

"झालं?" ती म्हणाली.

"आता नाही सांगता येणार. तू जा. शेवटची गाडी चुकेल. दांडा रेघेवरून हलला नाही तरच उद्या आणीन."

ती फाटकापर्यंत गेली, वळून म्हणाली, "काका, ओंडका लावा हं," आणि गेली.

शेडमध्ये तिरपं ऊन आलं होतं. मिस्त्रीने ओंडका कोपऱ्यातच राहू दिला. डबा ओढून नांगराशेजारी बसला. डावी चप्पल काढून बाजूला ठेवली, पाय लांब केला आणि फाळाच्या बरोबर खाली नेऊन टेकवला. फाळ अंगठ्यापासून चार बोटं वर होता. भिंतीवरची रेघ इथून नीट दिसत होती.

ऊन रेघेवरून सरकलं, छताला गेलं, विझायला लागलं. पायाला मुंग्या आल्या. त्याने पाय हलवला नाही.

दांडा जिथे होता तिथेच, रेघेवर होता.